सरकारचा हात आणि रयतेचा उंबरठा

भिवापूरच्या बाजारांत उभें राहून राज्यकारभाराचा विचार करूं लागलें, तर प्रथम दृष्टीस पडते ती मिरची. नागपूरहून उमरेडमार्गें नागभीडकडे जाणाऱ्या वाटेवरचें हें गांव तिच्याच नांवानें ओळखलें जातें. तिखटपणा आणि लाल रंग या गुणांमुळें भिवापुरी मिरचीस भौगोलिक मानांकनही लाभलें आहे. सोयाबीन आणि कापूस यांनीं तिचें क्षेत्र बरेंच आक्रमिलें असलें, तरी हंगामांत सातऱ्यावर मिरची पसरलेली असते, बायाबापड्या दिवसभर बसून देठ खुडतात, आणि वजनावर मजुरी घेऊन सायंकाळीं घरीं परततात. या व्यवहारांत पीक काढणारा, देठ खुडणारी आणि माल घेणारा, असे तीन पक्ष डोळ्यांस दिसतात. चौथा पक्ष दिसत नाहीं, परंतु तो सर्वत्र असतो. सातबाऱ्याचा उतारा त्याचा, पीकपाहणीची नोंद त्याची, बाजार समितीचा परवाना व शुल्क त्याच्याच कायद्यानें, कराची नोंदणी त्याची, आणि बोटांचे ठसेही आतां त्याच्याच दप्तरांत. हा चौथा पक्ष म्हणजे सरकार. तो नसावा असें कोणीही शहाणा म्हणणार नाहीं. परंतु त्यानें कोठवर यावें आणि कोणत्या उंबरठ्याशीं थांबावें, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार उरलेल्या तिघांस आहे, आणि तो आज विचारला नाहीं तर उद्यां विचारण्याची सोय राहणार नाहीं.

सुधारणेचा पुरस्कार करणाऱ्यांवर नेहमींचा आक्षेप असा कीं, त्यांस प्रत्येक दुखण्यावर कायद्याचाच काढा सुचतो. या आक्षेपास महाराष्ट्रांत जुना इतिहास आहे. १८९१ च्या मार्चांत संमतिवयाचा कायदा झाला आणि त्यानें वयाची मर्यादा दहांवरून बारा वर्षांवर नेली. तेव्हां टिळकांनीं, परकी सरकारनें आमच्या घरांत व धर्मांत हात घालूं नये, या भूमिकेवरून त्यास कडाडून विरोध केला. आगरकर व रानडे यांनीं कायद्याचा पक्ष घेतला. आज सव्वाशेंहून अधिक वर्षांनंतर त्या वादाकडे पाहिलें, तर लहान मुलीच्या बाजूनें उभे राहिलेले सुधारक बरोबर होते याविषयीं शंका उरत नाहीं. परंतु त्यामुळें टिळकांनीं विचारलेला मूळ प्रश्न खोटा ठरत नाहीं. सरकारचा हात घरांत शिरतो तेव्हां तो कोणास सोडविण्यासाठीं शिरतो, कीं केवळ घरांत काय आहे तें पाहण्यासाठीं, ही कसोटी लावल्यावांचून हस्तक्षेपाचें समर्थनही होत नाहीं आणि निषेधही होत नाहीं. दुर्बळास प्रबळाच्या मुठींतून सोडविणारा कायदा एक. आणि प्रबळ व दुर्बळ दोघांसही सरकारच्या मुठींत देणारा कायदा दुसरा. सुधारकानें पहिल्याचा कैवार घ्यावा म्हणून त्यानें दुसऱ्याचाही भाट व्हावें, असें मुळींच नाहीं.

दुसऱ्या प्रकारचें उदाहरण शोधण्यास फार लांब जावें लागत नाहीं. १८९७ च्या फेब्रुवारींत सांथीच्या रोगांचा कायदा झाला. ग्रंथिज्वराची सांथ खरी होती आणि उपाय करणेंही अवश्य होतें. तथापि पुण्यांत रँडसाहेबांच्या अधिकाराखालीं गोरे शिपाई घराघरांत शिरले, देवघर व माजघर यांचा भेद राहिला नाहीं, आणि रोग्यांइतकेच निरोगीही त्रासून गेले. २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर जें घडलें, त्याचें समर्थन आम्ही करीत नाहीं. परंतु हेतु चांगला असला म्हणजे रीतही चांगलीच असते, हा भ्रम त्या वर्षानें कायमचा दूर करावयास पाहिजे होता. तो झाला नाहीं. तोच कायदा १२३ वर्षांनीं, २०२० च्या मार्चांत, कोरोनाच्या सांथींत महाराष्ट्रांत पुन्हां लागू करण्यांत आला. सद्हेतूनें केलेल्या कृत्याबद्दल अधिकाऱ्यावर खटला चालूं नये, हें त्यांतील कलम परकी सरकारनें आपल्या सोयीसाठीं घातलें होतें. स्वकीय सरकारासही तें सोयीचेंच वाटलें. राज्यकर्त्यांचा रंग बदलतो, परंतु हातीं आलेला अधिकार आपण होऊन कोणी खालीं ठेवीत नाहीं.

आतां बाजाराकडे वळूं. वऱ्हाडांत १८९७ सालींच कापूस व धान्य यांच्या बाजारांचा कायदा झाला, आणि पुढें १९६३ सालीं महाराष्ट्रानें शेतमालाच्या खरेदीविक्रीचा कायदा केला. या कायद्यांस आम्ही जुलूम म्हणत नाहीं. रुमालाखालीं बोटें दाबून भाव ठरवावयाचा, मालकास शेवटपर्यंत त्याचा पत्ता लागूं द्यावयाचा नाहीं, मापांत मारावयाचें आणि वर धर्मादायाच्या नांवानें आणखी कांहीं कापावयाचें, या चालींस आळा घालणें हें सरकारचें कर्तव्यच होतें. जे व्यापारी आज सरकारच्या नांवानें बोटें मोडतात, त्यांनीं हा इतिहास विसरूं नये. येथें एक भेद लक्षांत ठेवण्याजोगा आहे. गरिबाच्या घरांतील खासगी गोष्ट ही त्याची ढाल असते. भर बाजारांतील छुपा सौदा हें श्रीमंताचें शस्त्र असतें. पहिलीचें रक्षण आणि दुसऱ्याचा बंदोबस्त या दोन्हीं गोष्टी एकाच न्यायबुद्धीच्या आहेत.

परंतु वजनकांटा तपासणारें सरकार एक आणि स्वतःच एकमेव गिऱ्हाईक होऊन बसणारें सरकार दुसरें. १९७१ च्या कायद्यानें महाराष्ट्रांत कापसाच्या एकाधिकार खरेदीची योजना आली व १९७२ च्या हंगामापासून ती सुरू झाली. शेतकऱ्यानें आपला कापूस सरकारच्या हस्तकासच विकावा, खासगी व्यापाऱ्यानें तो घेऊं नये, असा निर्बंध झाला. व्यापाऱ्याच्या लुटींतून शेतकऱ्यास सोडवावें हाच त्याचा हेतु होता, आणि आरंभीं कित्येकांस हमीचा भाव मिळालाही. पुढें मात्र चुकारे लांबूं लागले, योजनेचा तोटा फुगत गेला, आणि शेजारच्या प्रांतांत भाव चढा असे तेव्हां स्वतःच्या शेतांतला कापूस सीमेपलीकडे नेणारा शेतकरी कायद्याच्या दृष्टीनें चोर ठरूं लागला. ज्यानें पेरलें, निंदलें आणि वेंचलें, त्यास आपलाच माल रात्रीं लपवून न्यावा लागावा, यापरता उपहास कोणता? १९७९ पासून शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेनें शेतकऱ्यास बाजाराचें स्वातंत्र्य द्या अशी जी मागणी केली, तिचें मर्म विदर्भास कोणी समजावून सांगावें लागलें नाहीं. अखेर २००२ सालीं खासगी खरेदीची वाट मोकळी झाली. म्हणजे चूक उमगण्यास तीस वर्षें लागलीं.

सराफांसही असाच अनुभव आहे. १९६३ च्या जानेवारींत सुवर्णनियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरटांहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. त्यानें सोन्याची हांव आटली नाहीं. आटला तो सोनाराचा धंदा. पिढीजात कारागीर देशोधडीस लागले, चोरटा व्यापार मात्र बळावला, आणि १९६८ सालीं केलेला त्याविषयींचा कायदा १९९० मध्यें रद्द करावा लागला. २०१६ च्या ८ नोव्हेंबरच्या रात्रीं पांचशें व हजार रुपयांच्या नोटा चलनांतून काढण्यांत आल्या, तेव्हां काळा पैसा बुडेल असें सांगण्यांत आलें होतें. रिझर्व्ह बँकेच्याच हिशेबाप्रमाणें शंभरांपैकीं नव्याण्णवांहून अधिक नोटा परत आल्या. सर्वोच्च न्यायालयानें २०२३ च्या जानेवारींत तो निर्णय बहुमतानें वैध ठरविला, हें खरें; परंतु वैध असणें आणि शहाणपणाचें असणें या भिन्न गोष्टी आहेत. रोजच्या मजुरीवर जगणाऱ्या बाईस त्या दिवसांत बँकेच्या दारीं जी रांग धरावी लागली, तिच्या बुडालेल्या दिवसाची भरपाई कोणत्याही निकालांत लिहिलेली नाहीं.

या सर्वांहून सूक्ष्म असा हस्तक्षेप आज होत आहे, आणि तो सूक्ष्म आहे म्हणूनच त्याविषयीं अधिक सावध राहिलें पाहिजे. २९ सप्टेंबर २०१० रोजीं नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या गांवीं पहिला आधार क्रमांक देण्यांत आला. ज्याच्यापाशीं कोणताच कागद नाहीं त्यास ओळख मिळावी, ही कल्पना खचित स्तुत्य होती. पुढें मात्र जें गरिबाच्या सोयीचें म्हणून आलें, तें सर्वांच्या सक्तीचें होऊं लागलें. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें असा निर्णय दिला कीं, खासगी जीवन हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क आहे; आणि याविरुद्ध जाणारे १९५४ व १९६२ सालचे निवाडे त्यांनीं त्या मर्यादेपुरते रद्द ठरविले. वर्षभरानें, २६ सप्टेंबर २०१८ रोजीं, पांचांपैकीं चार न्यायाधीशांनीं सरकारी साहाय्यासाठीं आधारची अट मान्य केली, परंतु बँकेचें खातें व दूरध्वनी यांस तो जोडण्याची सक्ती मोडून काढली. लगेच २०१९ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन तीच गोष्ट 'स्वेच्छेनें' करण्याची वाट उघडली. दुकानांत वा कचेरींत खिडकीपाशीं उभ्या असलेल्या माणसाची स्वेच्छा किती असते, हें ज्यानें त्यानें आपल्या अनुभवावरून ठरवावें.

आतां हीच रीत शेतापर्यंत आली आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रांत शेतकऱ्यानें स्वतः भ्रमणध्वनीवरून पिकाचें छायाचित्र पाठवून पीकपाहणी नोंदविण्याची पद्धत सुरू झाली. आणि २०२५ च्या एप्रिलापासून कृषि खात्याच्या योजनांचा लाभ घेण्यास शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. त्या क्रमांकाशीं आधार आणि जमिनीची नोंद हीं दोन्हीं जोडलेलीं आहेत. यांत लबाडीस आळा बसेल, दलाल दूर होतील, मदत थेट खात्यांत जाईल, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ज्याचें नांव सातबाऱ्यावर नाहीं, आणि जो दुसऱ्याची जमीन बटईनें वा ठेक्यानें कसतो, त्याचें काय? घाम त्याचा, कर्ज त्याचें, गारपीट झाली तर नुकसान त्याचें. आणि दप्तरांत मात्र तो शेतकरीच नाहीं. ज्या विधवेच्या नांवावर वारसाची नोंद अद्याप चढली नाहीं, तिची गत याहून निराळी नाहीं. यंत्रास जें दिसत नाहीं तें जगांत नाहींच, असें समजणारा कारभार न्यायाचा असूं शकत नाहीं.

यावर ठराविक उत्तर मिळतें कीं, ज्यास लपविण्यासारखें कांहीं नाहीं त्यास भय कसलें? आमच्या व्यापारी वाचकांस आम्ही इतकेंच विचारतों: आपली खातेवही ते रस्त्यावर उघडी टाकून ठेवतात काय? त्यांत चोरी असते म्हणून ती पेटींत ठेवतात काय? खासगी राखणें म्हणजे गुन्हा लपविणें नव्हे. कोणाचें किती देणें आहे, घरांत कोण आजारी आहे, यंदा पेरणीस किती उसनवारी झाली, हें सर्वांस कळलें कीं माणसाची पत जाते, सावकाराचा व्याजदर चढतो आणि गिऱ्हाइकाचा भाव उतरतो. माहिती ही आज मालासारखीच वस्तु झाली आहे. ती रयतेची, आणि तिजवर मालकी मात्र दुसऱ्याची, अशी स्थिति येऊं देणें आर्थिक स्वातंत्र्यासही घातक आहे.

२०२३ सालीं खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. चूक करणाऱ्या कंपनीस अडीचशें कोटींपर्यंत दंड करण्याची तरतूद त्यांत आहे. परंतु राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था इत्यादि कारणांसाठीं आपल्या कोणत्याही यंत्रणेस त्यांतून वगळण्याची मोकळीकही केंद्र सरकारनें स्वतःकडे ठेविली आहे. ज्यानें सर्वांत अधिक माहिती गोळा केली आहे त्यासच कुंपणाबाहेर ठेवावयाचें, तर कुंपण कशासाठीं?

आमच्या मागण्या फार नाहींत. कोणतीही माहिती मागण्यापूर्वीं ती कशासाठीं, किती दिवसांसाठीं आणि कोणास दिसणार, हें मराठींत लिहून द्यावें. क्रमांक नाहीं वा ठसा उमटला नाहीं, एवढ्याच कारणावरून कोणाचेंही धान्य, भरपाई वा विमा अडवूं नये. तलाठी व ग्रामसभा यांच्या साक्षीनें दुसरी वाट खुली ठेवावी. बटईदारास, त्याची शेती सिद्ध करण्याची सोपी रीत द्यावी. बाजारांत सरकारनें काटा, माप आणि करार यांवर नजर ठेवावी. माल कोणास विकावा हें मालकावर सोडावें. आणि जे कायदे सांथीसाठीं वा संकटासाठीं म्हणून येतात, त्यांस समाप्तीची तारीख असावी.

शेवटीं एक शब्द नगरवासीयांस. कांदा महागला कीं निर्यातबंदी मागणारे, आणि आपल्या धंद्यावर बंधन आलें कीं स्वातंत्र्याचा जप करणारे, असे दुटप्पी राहून चालणार नाहीं. शेतकऱ्याचें स्वातंत्र्य आपल्या सोयीसाठीं विकलें, तर आपलें स्वातंत्र्य विकत घेणाराही तोच असेल. भिवापूरच्या सातऱ्यावर देठ खुडणाऱ्या बाईस या लेखांतील निवाड्यांच्या तारखा ठाऊक असण्याचें कारण नाहीं. परंतु घराचें दार कोणासाठीं उघडावें आणि कोणासाठीं लावावें, हें तिला चांगलें समजतें. सरकारनें आंत यावें तर दार ठोठावून यावें, एवढीच तिची आणि आमची अपेक्षा आहे.