घाट चढणारी गाडी आणि शक्तीचे गणित

मुंबईहून पुण्याकडे निघालेल्या अनेक गाड्यांना कर्जत येथे मागून जादा इंजिने जोडली जातात. रेल्वेच्या भाषेत ही ‘बँकर’ इंजिने. पुढचे इंजिन एवढे ताकदवान असताना मागून ढकलण्याची गरज का पडावी? पदार्थविज्ञानाच्या प्राथमिक उदाहरणांत विद्यार्थी जेथे हमखास अडखळतात, नेमके तेच या प्रश्नात दडले आहे. बल, शक्ती आणि ऊर्जा हे शब्द बोलताना एकाच अर्थाने वापरले जातात. परीक्षकाला मात्र ते चालत नाही.

१८६३ साली खुल्या झालेल्या बोरघाटातील या लोहमार्गाचा चढ ३७ मीटरला १ मीटर इतका तीव्र आहे. समजा, गाडीचे वस्तुमान १,००० टन आहे. गुरुत्व त्वरण १० धरल्यास तिचे वजन १ कोटी न्यूटन. त्याचा सदतिसावा भाग, म्हणजे सुमारे २ लाख ७० हजार न्यूटन, गाडीला मागे खेचतो. एकसमान वेगाने चढायचे तर तेवढेच बल पुढच्या दिशेने लावावे लागेल. (घर्षण व हवेचा विरोध तूर्त बाजूला ठेवू.) वेग किती, हा प्रश्न अद्याप आलेलाही नाही.

तो येतो शक्तीच्या वेळी. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. बल गुणिले वेग म्हणजे शक्ती; ती येते २७ लाख वॅट, साधारण ३,६०० अश्वशक्ती. वेग निम्मा केला तर निम्मी शक्ती पुरते, बल मात्र तेवढेच लागते. बँकरचे कोडे येथे सुटते. गाडी सावकाश चालवून शक्तीची गरज घटवता येते, ओढीची नाही. चाकांची रुळांवर जेवढी पकड, त्याहून अधिक ओढ इंजिन लावू शकत नाही. चाके जागच्या जागी फिरू लागतात. शिवाय सारा भार पुढूनच ओढला, तर डब्यांमधील कपलिंगवर मोठा ताण येतो. मागून ढकलल्याने तो हलका होतो.

उरली ऊर्जा. गाडी ५०० मीटर उंची चढली असे मानू. वजन गुणिले उंची, ५ अब्ज ज्यूल. विजेची सुमारे १,३९० युनिट. वीजबिलावरील युनिट ही ऊर्जाच, पण तिला शक्ती समजणारे सुशिक्षितही कमी नाहीत. अर्ध्या तासात चढा वा तासाभरात, हा आकडा बदलत नाही.

पडताळा दुसऱ्या वाटेने घेता येतो. ५०० मीटर उंचीसाठी रूळ साडेअठरा किलोमीटर, वेळ १,८५० सेकंद. २७ लाख वॅटला १,८५० ने गुणल्यास पुन्हा ५ अब्जच येतात.