पाय थांबवायचा नाही

मंडळी, आपल्यापैकी बहुतेकांच्या सायकलचा श्रीगणेशा तासाच्या भाड्याच्या सायकलवर झाला असणार. आधी दांडीखालून पाय घालून, मग दांडीवरून, आणि पाय जमिनीला टेकू लागले की डबलसीट. या सगळ्या प्रवासात एक गोष्ट आपण गृहीत धरली होती. उतार लागला की पाय थांबवायचे आणि मागच्या चाकाची कटकट ऐकत आरामात खाली जायचे. ती कटकट फ्रीव्हीलची. ते फ्रीव्हीलच नसलेली सायकल हा या लेखाचा विषय आहे. आणि हो, अशी सायकल मुद्दाम विकत घेतात!

आमच्या घरात अशा दोन आहेत. पहिली शेजारच्या वृद्ध गृहस्थांची. आम्ही हॅमिल्टनला राहतो. त्यांनी गॅरेज रिकामे करायला काढले तेव्हा १९५०च्या दशकातली त्यांची पोलादी ट्रॅक सायकल मला देऊ केली. दुसरी माझ्या मुलीची, कार्बनची. ती केंब्रिजच्या व्हेलोड्रोमवर जाऊ लागली तेव्हा घ्यावी लागली. एके दिवशी तिने जाहीर केले, "बाबा, मी ही सायकल घेऊन कॉलेजला जाणार. सगळे तशीच चालवतात, ब्रेक लागत नाही." मी नाही म्हटले. "का?" या प्रश्नाला नीट उत्तर देता यावे म्हणून मला जे शिकावे लागले, ते इथे सांगतो.

या सायकलीत मागचे दातेरी चक्र हबवर आट्यांनी घट्ट बसवलेले असते आणि त्याच्यावर उलट्या आट्यांची एक कडी असते. त्यामुळे पायाने मागे जोर दिला तरी चक्र सुटून येत नाही. चाक फिरते आहे तोवर पायडल फिरणार, आणि पायडल फिरते आहे तोवर तुमचे पाय. हे वाचायला सोपे आहे. पहिल्याच दिवशी नदीकाठच्या ते आवा मार्गावर एक छोटा उतार लागला आणि माझ्या पायांनी तीस वर्षांच्या सवयीने विश्रांती घेतली. पायडलने मला चक्क सीटवरून उचलले. कोपर सोलले. हेल्मेट होते, कारण या देशात ते १९९४ पासून सक्तीचे आहे. नाहीतर हा लेख दुसऱ्या कोणाला लिहावा लागला असता.

ही मूळ रचना ७० वर्षांत बदललेली नाही. बदलले ते भोवतालचे सगळे.

जुनी सायकल घ्या. तिच्या नळ्या रेनॉल्ड्स ५३१ या पोलादाच्या. हे पोलाद १९३५ साली बाजारात आले. त्या नळ्यांची टोके जाड आणि मधला भाग पातळ ठेवत, म्हणजे जिथे जोड आहे तिथे ताकद आणि बाकी ठिकाणी वजन कमी. त्या काळचे बरेच स्पर्धक एकाच सायकलवर घरून मैदानापर्यंत जात, शर्यत मारत आणि तीवरच घरी परत येत. म्हणून त्या सायकलींचा पुढचा चिमटा जास्त वाकलेला, दोन चाकांतले अंतर जास्त, टायर आणि फ्रेम यांच्यात भरपूर जागा आणि पुष्कळदा चिमट्याला ब्रेकसाठी भोक. रस्त्यातले खड्डे ती पोटात घेते. हँडल सोडून नाक पुसले तरी रागावत नाही.

मुलीच्या सायकलला असले लाड माहीत नाहीत. फ्रेमचे कोन उभे, चाके जवळजवळ, टायर आणि फ्रेम यांत बोट जाणार नाही, आणि चिमट्याला भोक मुळात नाहीच. हँडल जरा हलवले की ती वळलेली असते. गुळगुळीत लाकडावर हा गुण आहे. हॅमिल्टनच्या रस्त्यावर तोच दोष.

आपल्याकडे सायकल दाखवली की पाहुणे पहिल्यांदा ती उचलून बघतात. कार्बनची उचलली की "वा!" पण सपाट ट्रॅकवर वजनाला तेवढे महत्त्व नाही. खरा शत्रू वारा. वेग दहा टक्के वाढवायचा तर वाऱ्याविरुद्ध सुमारे ३३ टक्के जास्त ताकद लागते. याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे इंग्लंडचा ख्रिस बोर्डमन. १९९६ साली मँचेस्टरला त्याने एका तासात ५६.३७५ किलोमीटर अंतर कापले, हात पार पुढे ताणून, आधुनिक सायकलवर. पुढे जागतिक संघटनेने नियम केला की तासाचा विक्रम एडी मर्क्सच्या काळच्या पद्धतीच्या सायकलवर, गोल नळ्या, तारांची चाके आणि वाकडे हँडल घेऊनच करायचा. २००० साली बोर्डमन तशा सायकलवर बसला आणि ४९.४४१ किलोमीटर गेला. मर्क्सने १९७२ साली मेक्सिकोत ४९.४३१ केले होते. म्हणजे फरक फक्त दहा मीटरचा! चार वर्षांनी बोर्डमनचे वय वाढले होते हे मान्य, पण सात किलोमीटर काही वयाने जात नाहीत. ते गेले अंगाच्या ठेवणीत आणि वाऱ्यात. (२०२२ साली इटलीच्या फिलिप्पो गान्नाने ५६.७९२ केले, तोवर नियम पुन्हा सैल झाले होते.)

दुसरा बदल गिअरचा. इथे थोडे गणित आहे, पण आपण अभियंत्यांचीच जमात. पुढचे दाते भागिले मागचे दाते, गुणिले चाकाचा व्यास. ४८ आणि १५ दाते, २७ इंची चाक, म्हणजे ८६.४ इंच. हा इंच कुठला? तर फार जुन्या काळच्या उंच चाकाच्या सायकलीचा. तेवढ्या व्यासाचे चाक थेट पायडलने फिरवल्यासारखे. आता ९२ इंचांवर ताशी ६० किलोमीटर जायचे तर मिनिटाला १३६ वेळा पाय फिरवावे लागतात. १२० इंचांवर तेच काम १०४ फेऱ्यांत होते. जुने लोक हलक्या गिअरवर पाय शिलाई मशीनसारखे फिरवत. आजचे स्प्रिंटर १२० इंच आणि त्याहून जड गिअर मांड्यांच्या जोरावर ओढतात. केंब्रिजमध्ये तयारी केलेल्या एलेस अँड्र्यूजने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्प्रिंट आणि केरिन अशी दोन सुवर्णपदके मिळवली. तिच्या मांड्या पाहिल्या की हे गणित वेगळे समजवावे लागत नाही.

आता ट्रॅक. केंब्रिजचे व्हेलोड्रोम २०१४ साली उघडले. २५० मीटरचा लाकडी ट्रॅक, वळणावर सुमारे ४३ अंशांचा चढ. खालून पाहिले तर भिंतच. ताशी ३० च्या आसपास वेग ठेवला नाही तर टायर घसरतो, म्हणजे तिथे भित्रा माणूसच आधी पडतो. हा गडी वेगळा, आणि वेलिंग्टनच्या हाताईताईचा उघडा, ३३३ मीटरचा काँक्रीटचा ट्रॅक वेगळा. तिथली वळणे लांब आणि सौम्य. माझ्या पोलादी म्हातारीला तोच जास्त मानवेल.

पण प्रश्न होता रस्त्याचा. इथला कायदा गमतीदार आहे. १ जानेवारी १९८८ पासून बनलेल्या सायकलला पुढे आणि मागे दोन्हीकडे चांगला ब्रेक हवा. त्याआधीच्या सायकलला मागचा एक चालतो. म्हणजे कायदा म्हातारीला सवलत देतो आणि तरुणीला देत नाही. पण भौतिकशास्त्र कोणालाच देत नाही. थांबताना सगळा भार पुढच्या चाकावर येतो, मागचे हलके होते. पायाने कितीही अडवले तरी अडते फक्त मागचे चाक, आणि ते घसरू लागते. मोटार समोर आडवी आली तर पुढचा ब्रेकच वाचवतो. मुलीच्या चिमट्याला तो बसवायला जागाच नाही. हे कागदावर आकृती काढून दाखवल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग मला तुमची द्या."

देण्याआधी एका ओळखीच्या मेकॅनिककडे नेली. पुण्यात असतो तर "ओव्हरऑइलिंग करा आणि आऊट काढा" एवढे सांगून निघालो असतो. याने क्रँकच्या कॉटर पिना काढून दाखवल्या, झिजलेल्या. फ्रेमचा प्रत्येक जोड पुसून भिंगाखाली पाहिला. पोलाद बहुधा आधी करकरते, वाकते, मग तुटते, त्यामुळे फ्रेमची त्याला चिंता नव्हती. चिंता होती जुन्या ॲल्युमिनियमच्या हँडलची, कारण ते फारशी पूर्वसूचना देत नाही. ते बदलले, पिना नव्या घातल्या, आणि त्या सत्तर वर्षांपूर्वीच्या भोकात पुढचा ब्रेक बसवला. गिअरही उतरवून ६८ इंचांवर आणला.

आता ती म्हातारी रोज कॉलेजला जाते आणि कार्बनची तरुणी गाडीच्या मागच्या रॅकवर बसून केंब्रिजला. शेजारच्या आजोबांनी मुलीला पहिल्यांदा त्यांच्या सायकलवर जाताना पाहिले तेव्हा कुंपणाशी येऊन एकच विचारले, उतारावर पाय थांबवत नाही ना?