काचेच्या पेटीतला खडक

दागिन्यातले पोवळे आपण सगळ्यांनी पाहिलेले असते. पण जिवंत प्रवाळ घरात पाळणारी माणसे आपल्या मुंबई-पुण्यातही आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. काचेची मोठी पेटी, त्यात खारे पाणी, वर निळसर दिवे आणि तळाशी खडक. सगळा संसार या खडकावर उभा. त्याच्या बारीक छिद्रांत जिवाणू राहतात आणि माशांनी सोडलेल्या अमोनियाचे आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. हे काम थांबले, तर मासे आपल्याच घाणीने मरतात.

पूर्वी हा खडक सरळ समुद्रातून उचलून आणत. आपल्याकडे आता ते चालत नाही. खडक बांधणाऱ्या प्रवाळांना 2001 साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले. म्हणजे वाघाची आणि प्रवाळाची पंगत एकच. मालवणच्या समुद्रात तर 1987 पासून अभयारण्यच आहे. तेव्हा हौशी मंडळी खडक घरीच ओततात. आणि ओतायचे म्हटले की हाताशी असेल ते आठवते. माझ्या एका भाच्याने मला विचारले, ‘‘मामू, प्लास्टर ऑफ पॅरिसची दोन पोती पडून आहेत, त्याचाच खडक केला तर?’’ मी बी.ए. झालेला कवी. माझ्या कवितेत समुद्र फार येतो, म्हणून मला विचारले असावे! पण प्रश्न जिवांचा होता, म्हणून पुस्तके चाळली, जाणकारांना गाठले.

गणपतीच्या मूर्तींमुळे प्लास्टर ऑफ पॅरिसची ओळख महाराष्ट्राला करून द्यायला नको. ते घट्ट झाले की त्याचे जिप्सम होते, आणि एक लिटर गोड्या पाण्यात जिप्सम सुमारे अडीच ग्रॅम विरघळते. खाऱ्या पाण्यात त्याहूनही जास्त. आपण म्हणाल, मूर्ती तर विहिरीत महिनोन्‌महिने तशीच राहते. बरोबर आहे. मूर्तीचे वजन मोठे, भोवतीचे पाणी साचलेले. पेटीत मात्र पंप चोवीस तास पाणी फिरवत असतो. 300 लिटरच्या पेटीत किमान पाऊण किलो खडक पाण्यात उतरू शकतो. प्लास्टर हे काही जहाल विष नव्हे. कॅल्शियम आणि सल्फेट समुद्रातही असतातच. पण त्यांचे प्रमाण भलतेच वाढते, खडक मऊ पडतो आणि एके रात्री वरच्या प्रवाळासकट कोसळतो. भाच्याला मी नाही म्हटले. (जाता जाता सांगतो, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने प्लास्टरच्या मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात विरघळवण्याची रीत काढली. त्यात तळाशी बसते ते कॅल्शियम कार्बोनेट. प्रवाळाचा सांगाडाही त्याचाच! अर्थात मूर्तीच्या रंगांसह आलेला तो गाळ कोणी पेटीत घालू नये.)

मग सिमेंट? इथे माझे मत अनुकूल आहे, पण घाई नको. समुद्राच्या पाण्याचा पीएच साधारण 8.1, ओल्या सिमेंटच्या पाण्याचा 12 ते 13. हा आकडा एकाने वाढला की क्षारता दहापट होते, म्हणजे आठ आणि बारा यांत दहा हजारपटीचे अंतर. ताजा सिमेंटचा ठोकळा पेटीत ठेवला, तर प्रवाळ अक्षरशः भाजून निघेल. हौशी लोक एक भाग साधे पोर्टलँड सिमेंट, तीन-चार भाग शिंपल्यांचा किंवा प्रवाळाचा चुरा आणि जाडे मीठ कालवून ओलसर वाळूत ओततात. मीठ पुढे विरघळून जाते आणि जिवाणूंना घरे मिळतात. हा खडक पक्का झाल्यावर गोड्या पाण्यात बुडवून, पाणी बदलत बदलत कित्येक आठवडे मुरवावा लागतो. व्हिनेगरने काम लवकर होते असे सांगतात. पण त्याने वरची कातडी निवते, आतला चुना हळूहळू बाहेर येतच राहतो.

आकारासाठी आत लोखंडी तार घालू नये. ती गंजून फुगते आणि खडक चिरतो. पितळ, तांबे आणि तांब्याचे रंग तर उंबऱ्याबाहेरच ठेवावेत. माशांच्या रोगावर तांब्याचे औषध देतात, पण तेच औषध प्रवाळाला आणि कोळंबीला मारते. न्हाणीघरातल्या बुरशीरोधक सिलिकोनचेही तसेच. इपॉक्सी नेमक्या मापाने कालवून पूर्ण सुकू दिली, तर चालते. चिकट राहिली तर मुळीच नाही. कुंभाराच्या भट्टीत नीट भाजलेली, झिलई नसलेली माती मात्र मला सर्वांत भली वाटली. ती पाण्याशी भांडत नाही.

ही चिकित्सा कोणाला फार वाटेल. पण अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर 1970 च्या दशकात सुमारे 20 लाख जुने टायर मोळ्या बांधून समुद्रात सोडले गेले होते. त्यांवर प्रवाळ वाढेल, अशी कल्पना. बांधणीचे लोखंड गंजले, टायर सुटले आणि लाटांबरोबर जवळच्या खऱ्या प्रवाळावर आपटू लागले. 2007 पासून लष्कराचे पाणबुडे ते उचलू लागले. उलट कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडात शिल्पकार जेसन डीकेअर्स टेलर यांनी 2006 साली खास सिमेंटच्या मूर्ती तळाशी ठेवल्या. त्यांवर प्रवाळ आणि स्पंज वाढले.

भाच्याने शेवटी सिमेंटच घेतले. त्याला मी एक परीक्षा सांगितली आहे. खडक स्वच्छ बादलीत, ताज्या खाऱ्या पाण्यात ठेवायचा, झाकण लावायचे. शेजारी तसलेच पाणी दुसऱ्या बादलीत, खडकाविना. तीन दिवसांनी दोन्हींचा पीएच मोजायचा. खडकाच्या बादलीचा आकडा वर गेलेला दिसला, तर खडक पुन्हा गोड्या पाण्यात.