टोपलींतलें पिलूं

2020 सालच्या मार्च महिन्यांत करोनाच्या सांथीमुळें सारी मुंबई घरोघर कोंडली गेली, तेव्हां पशुवैद्यांचे दवाखाने उघडे ठेवण्यास सरकारनें मुभा दिली होती. आदेश नीट होता. मग वांद्र्याच्या गरीब वस्तींतील जनावरें औषधावांचून कां राहिलीं?

आमच्या गल्लींत भाजी विकणाऱ्या एक बाई स्टेशनाच्या पूर्वेस झोपडींत राहतात. एप्रिलमध्यें त्यांच्या पिलाला ओकाऱ्या व रक्ताचे जुलाब सुरू झाले. हा पार्व्हो नांवाचा रोग. त्याचा विषाणु आंतड्याच्या अस्तरावर घाला घालतो आणि अंगांतील पाणी झपाट्यानें निघून जातें. विषाणूला मारणारें खात्रीचें औषध नाहीं. शिरेवाटे सलाईन देऊन पाणी व क्षार भरून काढावयाचे आणि पिलाच्या शरीराला झुंजण्यास अवधि मिळवून द्यावयाचा, एवढीच चिकित्सा. पोटांत कांहीं ठरत नसल्यामुळें घरगुती उपायांचा उपयोग होत नाहीं. मला हें तेव्हां ठाऊक नव्हतें. पेज पाजून पाहा, असें मींच त्यांना सांगितलें, व एक दिवस वायां गेला.

गरिबांचा मोठा आधार म्हणजे परळचें बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय. मुंबईचें पशुवैद्यक महाविद्यालयही 1886 पासून तेथेंच आहे. एरवीं वांद्र्याहून जावयास लोकलचें 5 रुपयांचें तिकीट पुरे. टोपलीवर फडकें टाकून मालडब्यांत बसलें कीं झालें. रेल्वेचा नियम काय म्हणतो, तें मी विचारीत नाहीं! पण लोकल 23 मार्चपासून बंद, टॅक्सी बंद, रिक्षाही बंद. रिक्षाला तर माहीमची खाडी ओलांडून शहरांत शिरण्याची परवानगी एरवींही नसते. ज्याच्या दारीं मोटार, त्याला परळ जवळ होतें. जवळच्या खाजगी डॉक्टरांकडे तीन-चार दिवस सलाईन देण्याचा खर्च धंदा बसलेल्या घराला झेपणारा नव्हता. टेलिफोनवर सल्ला मिळे. बाई म्हणाल्या, “मास्तर, सल्ला कळला हो, पण सुई टेलिफोनांतून कशी टोचायची?”

दुसऱ्या दिवशीं पहांटे त्या टोपली घेऊन पायीं निघाल्या. वाट दोन तासांची. पिलूं माहीमपर्यंतच जिवंत होतें.

या रोगावर लस आहे. दीड-दोन महिन्यांच्या वयापासून ती ठराविक अंतरानें टोंचावी लागते. रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यांत, मग वर्षानें पुन्हां. टाळेबंदींत हेच हप्ते चुकले. रेबीजचीं लक्षणें दिसूं लागल्यावर रोगी बहुधा वांचत नाहीं, मग तो कुत्रा असो वा माणूस. जगांतील अशा मृत्यूंपैकीं सुमारें तिसरा हिस्सा आपल्या देशांत होतो. झोपडींत मुलें व कुत्रें एकाच गोधडीवर निजतात. म्हणून महिन्यांतून एकदां लस व सलाईन घेऊन पशुवैद्याची गाडीच वस्तींत यावी, असें माझें मत आहे; सांथींत तर अधिकच.

1 फेब्रुवारी 2021 पासून ठराविक वेळांत लोकल सर्वांस खुली झाली. त्याच महिन्यांत बाईंनीं दुसरें पिलूं परळला नेऊन टोंचून आणलें. त्याचें लसीचें कार्ड त्या रेशनकार्डाच्या पिशवींतच ठेवतात.