रिमोट डेस्कटॉप जोडलं जात नाही? आधी हे बघा

घरून ऑफिसचा पीसी उघडत नसेल, तर पासवर्डवर संशय घेण्याआधी तो पीसी जागा आहे का, हे तिथल्या कुणाला तरी विचारा. स्लीपमध्ये गेलेलं मशीन जोडणी घेत नाही. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप ‘नेव्हर’ करून ठेवा. विंडोजची होम आवृत्ती बाहेरून जोडणी स्वीकारतच नाही, प्रो लागते. काल चाललं, आज नाही? बहुतेक पीसीचा आयपी बदललाय. आयपीऐवजी कॉम्प्युटरचं नाव टाकून बघा.

आणि कृपा करून राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट थेट इंटरनेटला उघडू नका! २०१९ मध्ये उघड झालेली ब्लूकीप ही त्रुटी याच सेवेतली. जुन्या विंडोजमध्ये शिरायला तिला पासवर्डही लागत नव्हता. आधी व्हीपीएन जोडा, मगच रिमोट डेस्कटॉप.