मरियामाता आज मावशींकडे

नंदाखाल, वसई. ऑक्टोबरातला सोमवार, संध्याकाळचे साडेसात. जपमाळेचा महिना चालू आहे, त्यामुळे मरियामातेची मूर्ती रोज एका घरी मुक्कामाला जाते. आज ती मावशींकडे आहे. बावखलाकाठच्या वाटेने माणसं मोबाइलच्या उजेडात येताहेत आणि दाराशी चपलांचा ढीग वाढतोय. खुर्च्या शेजारच्या पोरांनी दुपारीच आणून टाकल्यात.

मावशी ऐंशीच्या पुढच्या. अजून लाल लुगडंच नेसतात. मुलगा कॅनडात, मुलगी दुबईत. नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली.

‘नमो मरिया’चा पूर्वार्ध एकाने म्हणायचा आणि उत्तरार्ध बाकीच्यांनी, अशी जपमाळेची रीत. एरवी मावशी दोन्ही अर्धे एकट्याच म्हणतात. वाटेवरून जाताना ऐकू येतं. आज त्यांचा अर्धा संपतो न संपतो तोच ओटीवरून, अंगणातून, स्वयंपाकघराच्या दारातून दुसरा अर्धा येऊन धडकतो. एक पोरगा घाईत आहे, सगळ्यांच्या दोन शब्द पुढे पळतोय. डोळे न उघडता मावशी हात वर करतात. पोरगा गप्प.

जपमाळेत सोमवारी मनन करायचं ते आनंदाच्या रहस्यांचं, आणि त्यातलं दुसरं मरिया-एलिझाबेथ भेटीचं. (2002 साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी गुरुवारसाठी प्रकाशाची रहस्ये दिली. मावशी गुरुवारीही जुनी आनंदाचीच म्हणतात.) लूकच्या शुभवर्तमानात उतारवयात दिवस राहिलेली एलिझाबेथ पाच महिने घराबाहेर पडत नाही. मग मरिया डोंगराळ मुलखात तिच्याकडे जाते आणि तीनेक महिने राहते. तिथे तिने काय केलं, ते लूक सांगत नाही. पाणी भरलं असेल, धान्य निवडलं असेल, पुष्कळशा गप्पा मारल्या असतील.

‘येशू आहे ना सोबतीला’, असं म्हाताऱ्या माणसांना आपण फार सहज सांगतो. मला ते पटत नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात एदेन बागेत पाप अजून शिरलेलं नाही, देव स्वतः हाकेच्या अंतरावर आहे. तरी माणसाचं एकटेपण बरं नव्हे, असं म्हणणारा तोच. गेथशेमाने बागेत येशूलाही तिघा शिष्यांना जवळ न्यावंसं वाटलं. त्यांनी नुसतं जागं राहावं, एवढंच मागणं होतं. ते झोपले, ती गोष्ट वेगळी.

‘मला सोबत हवी’ असं मावशी मेल्या तरी म्हणणार नाहीत. या महिन्यात म्हणावंही लागत नाही. आज त्यांच्या घराचा दिवस आहे, त्या यजमान आहेत. कीव करायला कुणी आलेलं नाही, उलट उशिरा आलेल्यांना बोलणी बसताहेत.

जपमाळेनंतरची लितानी संपते. उकडलेल्या चण्यांचं पातेलं फिरतं, पाठोपाठ चहा. बोलणं भातकापणीवर जातं, तिथून कुणाच्या तरी लग्नावर.

“बसा हो, पळताय कुठे?” मावशी दारच अडवतात.

पलीकडच्या घरची सून विचारते, उद्या मूर्ती न्यायला कधी येऊ?

“सातला ये. मीपण येणार आहे, वाटेत धरायला कुणीतरी पाठव.” मग त्या घाईवाल्या पोराकडे वळून, “यालाच पाठव. आणि उद्या पहिला अर्धा तू म्हणायचास. सावकाश!”