टोपणनाव खेळाडूंसाठी, खरं नाव बँकेसाठी

टोपणनावानं गेम काढला की आपण कोण हे कुणालाच कळत नाही, असं एकट्यानं गेम बनवणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं. प्रत्यक्षात ते कुणाकुणाला कळतं, हे तुम्ही कुठल्या दुकानात जाता त्यावर ठरतं.

स्टीमवर विक्री करायची तर नोंदणीतच कायदेशीर नाव, बँक खातं आणि कराची माहिती द्यावी लागते. शिवाय दर गेममागे 100 डॉलर शुल्क. मात्र गेमच्या पानावर निर्माता म्हणून कुठलं नाव दाखवायचं ते तुम्ही ठरवता. मोबाइलवर एवढी मोकळीक नाही. ॲपलच्या ॲप स्टोअरवर वैयक्तिक खातं असेल तर विक्रेता म्हणून तुमचं कायदेशीर नावच झळकतं. गूगल प्ले वैयक्तिक खातेदाराचं कायदेशीर नाव आणि देश दाखवतं. गेममधून कमाई होत असेल तर पूर्ण पत्तासुद्धा. घरातून काम करणाऱ्यांनी, विशेषतः एकट्या राहणाऱ्या मुलींनी, हे आधी वाचावं आणि मग 'प्रकाशित करा' दाबावं.

'मग एक फर्म काढायची, झालं!' हा सल्ला हमखास मिळतो. तो अर्धाच खरा आहे. प्रोप्रायटरशिपला नाव काहीही द्या, ॲपलच्या लेखी तुम्ही व्यक्तीच. जीएसटी नोंदणी केलीत, तर तो नंबर शोधणाऱ्या कुणालाही व्यापारी नावाबरोबर मालकाचं कायदेशीर नावही दिसतं. प्रायव्हेट लिमिटेड काढली तर संचालकांची नावं सरकारी नोंदीत येतात. इतकं खणत बसणारा खेळाडू क्वचितच भेटेल, हे खरं. पण चिडलेला एकच पुरतो.

टोपणनाव म्हणजे पोरखेळ, असंही काहींना वाटतं. गेमच्या जगात याला काडीचा आधार नाही. 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा गेम एरिक बॅरोन यांनी एकट्यानं बनवला आणि 2016 मध्ये 'कन्सर्न्डएप' या नावानं काढला. 2024 अखेरपर्यंत त्याच्या 4 कोटींहून अधिक प्रती खपल्या होत्या. जपानचे गेमनिर्माते दाइसुके अमाया 'पिक्सेल' म्हणूनच ओळखले जातात. आपल्याकडे राम गणेश गडकऱ्यांनी नाटकं स्वतःच्या नावानं, कविता 'गोविंदाग्रज' म्हणून आणि विनोद 'बाळकराम' म्हणून लिहिला. त्यावरून त्यांना कुणी हौशी म्हटलं नाही. भयपट छापाचे गेम एका नावानं आणि लहान मुलांचे दुसऱ्या नावानं काढणं ही तीच रीत.

उलट, खरं नाव छापून येणं हेच एके काळी भांडून मिळवावं लागलं होतं. अटारी कंपनी प्रोग्रॅमरांची नावं देत नसे. म्हणून वॉरन रॉबिनेट यांनी 'ॲडव्हेंचर' या गेममध्ये एक गुप्त खोली बांधून तिथं आपलं नाव लिहून ठेवलं. अटारीतून बाहेर पडलेल्या प्रोग्रॅमरांनी 1979 मध्ये ॲक्टिव्हिजन उभी केली, त्यामागेही श्रेय हे एक मोठं कारण होतं.

कॉपीराइट जाईल ही भीतीही निराधार. भारतीय कायद्यात हक्क निर्मितीबरोबरच मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. फरक पडतो तो मुदतीत: खऱ्या नावानं काढलं तर निर्मात्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं, टोपणनावानं काढलं तर प्रकाशनानंतर 60 वर्षं. त्या काळात ओळख जाहीर केली तर पुन्हा पहिली मुदत लागू होते. संगीतकार, चित्रकारांशी करार मात्र खऱ्या नावानंच करावा.

सगळ्यात महाग पडणारा समज वेगळाच आहे: 'आत्ता खरं नाव देऊ, त्रास झाला तर बदलू.' हनोईच्या डोंग न्गुयेन यांनी 'फ्लॅपी बर्ड' 2013 मध्ये काढला तेव्हा फारसं कुणी पाहिलं नाही. 2014 च्या सुरुवातीला तो एकाएकी याद्यांच्या शिखरावर गेला, पत्रकार मागे लागले, आणि फेब्रुवारीत त्यांनी चालता गेम काढून घेतला. गेम मागे घेता आला, नाव नाही. 'बलात्रो' बनवणाऱ्यानं मात्र 2024 मध्ये पहिल्या दिवसापासून 'लोकलथंक' हेच नाव ठेवलं. द गेम अवॉर्ड्समध्ये तीन पुरस्कार मिळाले तेव्हाही मंचावर आला नाही. क्रम उलटा करता येत नाही, म्हणून शंका असेल तर टोपणनावानं सुरुवात करावी, असं माझं मत आहे. नोकरीच्या अर्जात 'हा गेम माझा' असं सांगायला कुणी अडवत नाही.

आणि नाव ठरलं की ते सगळीकडे एकच ठेवा. खरं नाव फुटतं ते बहुधा हलगर्जीपणातून: लॉग फाइलमध्ये राहिलेलं संगणकाच्या फोल्डरचं नाव, उघड्या ठेवलेल्या कोडमधला ईमेल, वेबसाइटच्या नोंदणीतला पत्ता. अँड्रॉइडवर पॅकेजचं नाव प्लेच्या लिंकमध्ये दिसतं आणि एकदा प्रकाशित झालं की बदलता येत नाही. त्यात आडनाव घालू नका.